उच्चस्थाने : यहूदाच्या टेकड्यांपासून अलिबागच्या खडकापर्यंत

दिल्लीत हुमायून रोडवर, खान मार्केटच्या लगत, ज्यू समाजाचे एक लहानसे प्रार्थनागृह आहे. ‘ज्यूडा हायम’ हे त्याचे नाव. १९५६ मध्ये ही वास्तू उभी राहिली. जवळच समाजाची दफनभूमी आहे. राजधानीत ज्यू कुटुंबे मोजकीच, आणि त्यांतील काहींची मुळे रायगड जिल्ह्यातील खेड्यांत आहेत. त्यांच्या घरांत मराठी बोलली गेली आहे. बाहेरून येणाऱ्याला या वास्तूत देवालयाची ओळखीची खूण सापडत नाही. मूर्ती नाही, वेदी नाही, अग्नी नाही, बळी नाही. एका पेटीत हाताने लिहिलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणि तिच्याकडे तोंड करून बसणारी माणसे, एवढाच सारा संभार. भारतातील प्रार्थनागृहांत ही पेटी पश्चिमेला ठेवण्याची रीत आहे, कारण यरुशलेम पश्चिमेला आहे.

ज्यांचा हा धर्म, त्यांचे पूर्वज मात्र एके काळी टेकडी चढून जात, दगडापुढे अग्नी पेटवीत आणि बळीच्या मांसाचा वाटा तेथेच बसून खात. अशा स्थानाला त्यांच्या हिब्रू भाषेत ‘बामा’ म्हणत, अनेकवचनी ‘बामोत’. मराठी बायबलाने त्यासाठी ‘उच्च स्थाने’ हा शब्द योजला. ती स्थाने कशी होती, कोणी आणि का मोडली, आणि मोडल्यावर काय उरले, हा धर्मेतिहासातील एक मोठा प्रश्न आहे. त्याचे एक टोक यरुशलेमच्या राजवाड्यात आहे आणि दुसरे अलिबाग तालुक्यात.

टेकडीवरचा देव म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. जेजुरीचा खंडोबा, वणीची सप्तशृंगी, वाडी रत्नागिरीचा जोतिबा ही नावे पुरेशी आहेत. दिल्लीत राहणाऱ्याला तर कालकाजीची टेकडी घराजवळचीच. अरवलीच्या त्या फाट्यावरील मंदिराचा जुना भाग १७६४ च्या सुमारास मराठ्यांनी बांधला असे सांगितले जाते. त्याच परिसरात १९६६ मध्ये एका खडकावर सम्राट अशोकाचा लेख आढळला. उंच जागा, उघडा खडक आणि माणसाचे तेथे जाऊन काही तरी अर्पण करणे किंवा कोरून ठेवणे, ही ओढ कोणा एका धर्माची नाही.

‘बामा’ या शब्दाच्या भगिनीभाषांतील रूपांचा मूळ अर्थ प्राण्याची पाठ असा आहे. त्यावरून डोंगराची पाठ, आणि मग पूजेची उंच जागा. परंतु प्रत्येक बामा टेकडीवरच असे असे नाही. काही गावात, वेशीजवळही होत्या, आणि तेथे उंची म्हणजे केवळ दगडी चौथऱ्याची उंची. शेजारच्या मवाब देशाचा राजा मेशा याचा इ.स.पू. नवव्या शतकातील शिलालेख १८६८ मध्ये उजेडात आला. त्यात त्याने आपल्या कमोश या देवासाठी अशीच बामा बांधल्याचे अभिमानाने नोंदविले आहे. म्हणजे ही रीत त्या साऱ्या प्रदेशाची होती, इस्रायली लोकांनी ती वेगळी म्हणून मुद्दाम उचलली असे नव्हे.

बायबलातील एका जुन्या कथेत या स्थानांवरचे साधे, गावगाड्यातले जीवन दिसते. शौल नावाचा तरुण बापाची हरवलेली गाढवे शोधत फिरतो आहे. एका गावाशी येतो, तेव्हा पाणी भरायला निघालेल्या मुली त्याला सांगतात की द्रष्टा शमुवेल आजच गावात आला आहे. टेकडीवरच्या स्थानी लोकांचा यज्ञ आहे, त्याने आशीर्वाद दिल्याशिवाय कोणी जेवायला बसणार नाही, तेव्हा लगबगीने जा. शौल वर जातो. तेथे एक दालन आहे, सुमारे तीस पाहुणे बसले आहेत, आचारी आहे, आणि मांडीचा भाग आधीच बाजूला काढून ठेवला आहे. तो शौलापुढे वाढला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे शमुवेल त्याच्या मस्तकावर तेल ओतून त्याला राजपदासाठी अभिषेक करतो. इस्रायलच्या पहिल्या राजाची कथा अशी टेकडीवरच्या पंगतीतून सुरू होते, आणि सांगणाऱ्याला त्यात काहीही गैर वाटत नाही. पुढे शलमोन राजाही गिबोन येथील मोठ्या उच्चस्थानी हजार होमबली अर्पण करतो आणि तेथेच स्वप्नात ईश्वर त्याला काय हवे ते विचारतो. शलमोनाची जगप्रसिद्ध बुद्धी ही, ग्रंथाच्याच साक्षीने, एका बामेवर मिळालेले वरदान आहे.

या स्थानांवर वेदीखेरीज दोन गोष्टी नेहमी असत. एक उभा, न घडविलेला किंवा जेमतेम घडविलेला दगड. महाराष्ट्रातील तांदळा ज्याने पाहिला आहे त्याला ही शिळा लगेच ओळखता येईल. दुसरी, लाकडाचा खांब किंवा जिवंत झाड; त्याला ‘अशेरा’ म्हणत, आणि हे एका देवीचेही नाव होते. सिनाईच्या वाळवंटातील कुंतिल्लत अज्रूद या ठिकाणी १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात मोठ्या रांजणांवर शाईने लिहिलेले आशीर्वाद मिळाले. त्यांत इस्रायलच्या देवाच्या नावाला जोडून ‘आणि त्याची अशेरा’ असे शब्द आहेत. ती देवी होती की केवळ तिचे चिन्ह, यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. तथापि सामान्य माणसाच्या मनात देव एकटा नव्हता, असे मानायला त्या रांजणांनी जागा करून दिली आहे.

टेकडीच्या माथ्यावरील खऱ्याखुऱ्या स्थानाचा एक पुरावा शोमरोनच्या डोंगराळ भागातला आहे. इ.स.पू. बाराव्या शतकाच्या सुमारास एका कड्यावर दगडांचे गोल कुंपण घालून पूजास्थान केलेले होते. आत उभा दगड, थोडी खापरे आणि कांस्याचा सुमारे १८ सेंटिमीटर लांबीचा सुबक बैल. मंदिर नाही, भिंती नाहीत. आसपासच्या चारपाच वाड्यांतील शेतकरी तेथे जमत असावेत.

अडचण निर्माण झाली ती राज्य उभे राहिल्यावर. इ.स.पू. ९३० च्या सुमारास शलमोनाच्या मृत्यूनंतर राज्य दुभंगले. उत्तरेचा राजा यराबाम याच्यापुढे उघड राजकीय पेच होता : प्रजा जर वर्षातून यज्ञासाठी यरुशलेमला जात राहिली, तर तिचे मनही तेथल्या राजाकडे वळेल. म्हणून त्याने बेथेल आणि दान येथे आपली स्वतंत्र पूजास्थाने उभारून तेथे सोन्याची वासरे बसविली. दान येथे अव्राहाम बिरान यांनी १९६६ पासून केलेल्या उत्खननात सुमारे १८ मीटर बाजूचा भव्य दगडी चौथरा निघाला आहे. यात्रेकरू कोठे जातो यावर कर, निष्ठा आणि बाजार अवलंबून असतात, हे यराबामला पक्के ठाऊक होते. हे यरुशलेमच्या राजांच्याही लक्षात यायला वेळ लागला नाही.

‘राजे’ नावाच्या ग्रंथात दक्षिणेच्या यहूदा राज्यातील एकेका राजाचे मूल्यमापन येते. आसा चांगला, यहोशाफाट चांगला, योवाश, अमस्या, अजर्‍या, योथाम हेही बहुतांशी चांगले. पण प्रत्येकाच्या नावापुढे एक शेरा हमखास पडतो : उच्चस्थाने काही त्याने काढली नाहीत, लोक तेथे यज्ञ करीतच राहिले. शाळेच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षे तोच शेरा यावा तसा हा प्रकार आहे. मात्र या शेऱ्यातून लेखकाला नको असलेली एक गोष्ट सिद्ध होते. शतकानुशतके, धर्मनिष्ठ म्हणविणाऱ्या राजांच्या काळातही, टेकडीवरची पूजा हाच लोकांचा नेहमीचा धर्म होता. तो चोरून चालणारा परधर्म नव्हता. ‘निर्गम’ ग्रंथातील जुना नियमही याला पूरक आहे : मातीची वेदी करा, दगडाची केली तर दगड घडवू नका, आणि जेथे जेथे ईश्वर आपल्या नावाचे स्मरण करवील तेथे तेथे तो येऊन आशीर्वाद देईल. त्यात एकाच स्थानाची अट नाही.

ती अट येते ‘अनुवाद’ या ग्रंथात. ईश्वर निवडील त्या एकाच जागी यज्ञ करावा. डोंगरांवरील, टेकड्यांवरील, हिरव्या झाडांखालील सारी स्थाने नष्ट करावीत, शिळा फोडाव्यात, अशेरा जाळाव्यात. ग्रंथात त्या जागेचे नाव दिलेले नाही, परंतु वाचणाऱ्याला यरुशलेम सोडून दुसरे काही सुचू नये अशीच योजना आहे.

पहिला घाव हिज्कीया राजाने घातला, इ.स.पू. आठव्या शतकाच्या अखेरीस. उत्तरेचे राज्य तेव्हा अश्शूर साम्राज्याने बुडविले होते. हिज्कीयाने उच्चस्थाने काढली, शिळा फोडल्या, आणि मोशेने केलेला म्हणून लोक ज्याला धूप दाखवीत तो कांस्याचा सर्पही तोडून टाकला. मग इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरची फौज यरुशलेमच्या तटाशी आली. त्या वेळचा एक प्रसंग मार्मिक आहे. शत्रूचा सरदार तटाखाली उभा राहून, वरच्या सामान्य लोकांना कळावे म्हणून, त्यांच्याच भाषेत मोठ्याने बोलू लागतो. राजाचे अधिकारी विनवतात, अरामी भाषेत बोला, आम्हाला ती कळते. तो ऐकत नाही. त्याच्या भाषणात एक बोचरा प्रश्न आहे : तुम्ही म्हणता आमचा भरवसा ईश्वरावर आहे; पण त्याचीच उच्चस्थाने आणि वेद्या हिज्कीयाने मोडल्या ना? शत्रूच्या हेरांनाही कळले होते की गावोगावच्या माणसांच्या मनात हा सल आहे.

या धामधुमीचे ठसे जमिनीत सापडतात काय? बैरशेबा येथे योहानान आहारोनी यांना १९७३ मध्ये एका कोठाराच्या भिंतीत काही वेगळेच दगड दिसले. कोपऱ्यांना शिंगे असलेल्या मोठ्या वेदीचे ते घडीव दगड होते. वेदी मोडून तिचे दगड भिंतीत चिणले होते. एका दगडावर सापाची आकृती कोरलेली. त्याच संशोधकांनी अराद येथील किल्ल्यात यहूदाच्या सैनिकांचे छोटे मंदिर शोधले होते. त्याच्या गाभाऱ्यात उभी शिळा आणि दोन धूपवेद्या होत्या, आणि त्या वेद्या फोडलेल्या नव्हत्या. कोणी तरी त्या हलकेच आडव्या करून मातीखाली गाडून ठेवल्या होत्या. २०२० मध्ये त्यांच्यावरील काळ्या थराचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या वेदीवर प्राण्यांच्या चरबीत मिसळलेला ऊद निघाला आणि धाकट्या वेदीवर शेणासह जाळलेली भांग. ते मंदिर राजाज्ञेने बंद झाले की शत्रूच्या भीतीने झाकले गेले, यावर मतभेद आहेत. परंतु आडव्या ठेवलेल्या त्या वेद्या पाहिल्या की वाटते, गाडणाऱ्याने त्यांचा द्वेष करून त्या गाडल्या नसाव्यात.

हिज्कीयाचा पुत्र मनश्शे याने सारे पूर्ववत केले. अंतिम घाव घातला तो त्याचा नातू योशीया याने. इ.स.पू. ६२२ मध्ये यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असता महायाजक हिल्कीयाला एक ग्रंथ सापडला. शाफान या लेखनिकाने तो राजाला वाचून दाखविला आणि राजाने आपली वस्त्रे फाडली. हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे माणसे पाठवून ग्रंथ खरा असल्याची खात्री करून घेण्यात आली. हा सापडलेला ग्रंथ म्हणजे ‘अनुवाद’च, निदान त्याचा गाभा, असे १८०५ मध्ये डे वेट्टे या जर्मन पंडिताने मांडले आणि आज बहुतेक अभ्यासक ते कोणत्या ना कोणत्या रूपात मान्य करतात. ग्रंथ मुळात जुना होता, की सुधारणेला आधार हवा म्हणून त्या पिढीतच लिहिला गेला, हा त्यापुढचा वाद.

योशीयाच्या माणसांनी गेबापासून बैरशेबापर्यंत, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत, एकेक स्थान अपवित्र केले. बेथेलची वेदी फोडली. तिच्यावर थडग्यांतील हाडे जाळली, जेणेकरून ती जागा पुन्हा पूजेला योग्य राहू नये. उत्तरेकडील गावांत तर स्थानांच्या पुजाऱ्यांना त्यांच्याच वेद्यांवर ठार केल्याचे ग्रंथ निर्विकारपणे सांगतो. यहूदातील पुजाऱ्यांचा जीव वाचला, पण वृत्ती गेली. ‘अनुवाद’ सांगतो की असा पुजारी यरुशलेमला आला तर त्याला तेथे सेवेचा समान हक्क आणि समान वाटा मिळावा. प्रत्यक्षात, ‘राजे’ ग्रंथाच्या एका लहानशा वाक्यानुसार, त्यांना वेदीवर चढू दिले नाही. आपल्या भाऊबंदांत बसून बेखमीर भाकरी खाण्यापुरतेच त्यांचे स्थान उरले. सरकारने उद्या गावोगावच्या देवळांतील गुरवांना सांगावे की आजपासून पूजा फक्त पंढरपुरास होईल, तुम्ही तेथे या, जेवणाची सोय होईल, गाभाऱ्यात मात्र पाऊल टाकायचे नाही. तसा हा प्रसंग होता. या घटनेला पाठ्यपुस्तकांत ‘योशीयाची धर्मसुधारणा’ म्हणतात. सुधारणा हा शब्द यरुशलेमचा आहे. बैरशेबाजवळच्या एखाद्या वाडीत तिला काय म्हणत, हे कोणी लिहून ठेवले नाही.

घराघरांतही उलथापालथ झाली. पूर्वी बकरा कापणे म्हणजे वेदीपाशी जाणे. मांस खाणे हाच एक धर्मविधी. वेद्या मोडल्यावर माणसाने दर वेळी यरुशलेम गाठावे काय? ‘अनुवाद’ने व्यवहारी तोड काढली : आपल्या गावातच कापा आणि खा, रक्त तेवढे पाण्यासारखे जमिनीवर ओता. एका ओळीत रोजचे जेवण धर्मस्थानापासून सुटे झाले. वल्हांडणाचा सण आजवर घरचा होता, तो राजधानीच्या यात्रेत गेला.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे जवळजवळ एकाच ठिकाणी शिल्लक आहे, आणि ते बायकांच्या तोंडी आहे. योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या राजाच्या हातून मारला गेला, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम आणि ते एकमेव मंदिर जाळले. मिसरमध्ये पळून गेलेल्या लोकांना संदेष्टा यिर्मया बजावतो की तुमच्या मूर्तिपूजेमुळेच हे ओढवले. तेव्हा स्त्रिया त्याला सडेतोड उत्तर देतात : आम्ही, आमचे वाडवडील, आमचे राजे स्वर्गाच्या राणीला धूप जाळीत होतो तोवर भाकरीला तोटा नव्हता; ते सोडले तेव्हापासून तलवार आणि उपासमार पाठीस लागली. मुले सरपण गोळा करीत, बाप जाळ करीत, आया कणीक मळून तिच्यासाठी पोळ्या भाजीत, असे त्या पूजेचे वर्णन यिर्मयानेच निषेधाच्या ओघात केले आहे. निषेध करणाऱ्यामुळे ते चित्र आपल्यापर्यंत पोहोचले.

एकच मंदिर आणि तेही जळाले, अशा अवस्थेत धर्म संपायला हवा होता. तो संपला नाही, आणि येथे योशीयाच्या कठोर कृतीचा एक परिणाम दिसतो जो त्याच्या स्वप्नातही नसेल. टेकड्यांवरची स्थाने गेल्यानंतर दूरच्या गावांतील माणसाला वेदीविना जगण्याचा सराव झाला होता. ग्रंथ, शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे नियम यांच्यावर त्याचा धर्म उभा राहू लागला होता, आणि या गोष्टी कोठेही नेता येत होत्या. दुसरे मंदिर बांधले गेले, इ.स. ७० मध्ये रोमनांनी तेही पाडले. त्यानंतर ज्यूंनी यज्ञ केला नाही. नियमाने एकच जागा ठेवली होती आणि ती जागा आता नव्हती. फक्त शोमरोनी नावाचा छोटा समाज आपल्या गरिज्जीम डोंगरावर ठाम राहिला. त्यांच्या मते ईश्वराने निवडलेली जागा तीच, आणि आजही वल्हांडणाची कोकरे ते तेथे अर्पण करतात.

असा वेदीविना धर्म घेऊन काही माणसे कोकणच्या किनाऱ्यावर आली. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावरच पुरले. घटना नेमकी केव्हाची, हे ठरविण्याचे साधन नाही. वाचलेल्यांकडे ग्रंथ उरला नव्हता. ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द, शनिवारी काम न करणे, सुंता आणि काही सण एवढे त्यांच्या स्मरणात टिकले. तेलाचे घाणे चालवून ते पोट भरीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावांच्या नावांवरून त्यांची आडनावे पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनागृह बांधले, ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. टिपूच्या कैदेतून सुटलो तर बांधीन, असा त्यांचा नवस होता अशी कथा आहे. पुढे हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहिला. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची पोथी हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. योशीयाने राजधानीत नेलेला सण असा पुन्हा घरच्या स्वयंपाकघरात आला होता.

आणि याच समाजाने एक उंच खडकही जपला. अलिबागजवळच्या खंडाळे गावात, घाटातले खंडाळा नव्हे, ‘एलियाहू हनाबीचा टापा’ नावाचे स्थान आहे. एलिया संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला असे बायबल सांगते. त्या रथाचा येथे स्पर्श झाला, खडकावर घोड्याच्या टापांच्या आणि चाकाच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. हिब्रू शबाट महिन्याच्या पौर्णिमेला, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, समाज एलियाहूचा उत्सव करतो. त्याला जुन्या पिढीने दिलेले नाव आहे ‘उरूस’. शेजारच्या मुसलमानी दर्ग्यांकडून हा शब्द आला, तसाच ‘मलिदा’ हाही. गोड केलेले पोहे, खोवलेले ओले खोबरे, सुकामेवा आणि फळे ताटात मांडून एलियाहूचे हिब्रू गीत म्हणायचे, मग प्रत्येकाने वाटा घ्यायचा, हा मलिद्याचा विधी. लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना तो होतो. मंदिरात अर्पण केल्या जाणाऱ्या प्राचीन अन्नार्पणाची ही आठवण असावी, असे किहीमकरांपासून काहींनी मानले आहे. ते सिद्ध करणे कठीण. पण कोकणातल्या पोह्यांनी लेवीय ग्रंथातील पिठाची जागा घ्यावी ही कल्पना विद्वानांना मोहात पाडणारी खरी.

खडकाची निवड अपघाती असेल, एलियाची निवड मात्र विचार करायला लावते. बायबलातील एलिया हा उच्चस्थानांच्या विरोधकांचा लाडका वीर आहे. कर्मेल डोंगरावर त्याने बआलच्या पुजाऱ्यांचा पराभव केला. पण त्या कथेत एक तपशील सहज निसटून जातो. आपली पाळी आल्यावर एलिया कर्मेलवरची ईश्वराची पाडलेली वेदी बारा धोंडे रचून दुरुस्त करतो आणि यरुशलेमपासून दूर, डोंगरमाथ्यावर यज्ञ करतो. ‘अनुवाद’च्या काटेकोर नियमाने पाहिले तर ते कृत्य बेकायदेशीर ठरेल. कथा सांगणाऱ्यांना ते वगळता आले असते. त्यांनी ते ठेवले.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला गेले. तेथे १९६० च्या दशकाच्या आरंभी मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या वेळी वंशाची चौकशी सुरू केली. कोकणात शतकानुशतके एकटे राहिलेले हे लोक पुरते ज्यू आहेत काय, असा प्रश्न यरुशलेममधून विचारला गेला. समाजाने निदर्शने केली, बैठा सत्याग्रह केला, आणि १९६४ मध्ये सरकारने त्यांना सर्व बाबतींत ज्यू म्हणून मान्यता दिली. त्यांनी मलिदा सोडला नाही. लोद, अश्दोद, दिमोना येथील घरांत तो आजही होतो. नवस फेडण्यासाठी काही कुटुंबे हैफा शहरातील एलियाच्या गुहेत जातात. ही गुहा कर्मेल डोंगराच्या उतारावर आहे. तेथे ताट मांडले जाते, गीत म्हटले जाते आणि पोह्यांचा वाटा जमलेल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवला जातो.